मॅग्नेटोचं चरित्र कोणत्या क्रमाने लावायचं?

निळी_शाई:
'एक्स-मेन' कॉमिक्समधल्या, चुंबकशक्ती असलेल्या मॅग्नेटोवर मराठीत सविस्तर चरित्रलेख लिहितोय. मार्व्हल कॉमिक्सच्या मुख्य विश्वातला मॅग्नेटो, सिनेमातला नाही. तीन ठिकाणी गाडी अडते. खरं नाव एरिक लेनशर की मॅक्स आयझेनहार्ट? वांडा (स्कार्लेट विच) आणि पिएत्रो (क्विकसिल्व्हर) ही जुळी त्याची मुलं आहेत की नाहीत? आणि झॉर्न नावाच्या पात्राच्या कथेत एक्स-मेनमधला वुल्व्हरीन त्याचं मुंडकं उडवतो, तर पुढे तो जिवंत कसा? शिवाय दुसऱ्या महायुद्धात शाळकरी वयाचा असलेला माणूस अजून इतका धडधाकट का, हेही सांगावं लागेल. कोणते अंक आधाराला घ्यावेत?

जुना_रॅक:
आधी वहीत दोन रकाने पाडा. एकात घटना कथेत कधी घडते ते, दुसऱ्यात ती पहिल्यांदा छापली कधी ते. मॅग्नेटोच्या बाबतीत हे दोन क्रम जवळजवळ उलटे आहेत.

१९६३ च्या 'एक्स-मेन' १ मध्ये (स्टॅन ली, जॅक कर्बी) तो थेट केप सिटाडेलचा क्षेपणास्त्र तळ ताब्यात घेतो. ना नाव, ना गाव, ना भूतकाळ. चौथ्या अंकात ब्रदरहूड ही आपली टोळी घेऊन सांतो मार्को हा काल्पनिक देश बळकावतो. निव्वळ हुकूमशहा. ऑशविट्झची छावणी येते १९८१ मध्ये, क्रिस क्लेरमाँट यांच्या 'अनकॅनी एक्स-मेन' १५० मध्ये. आणि बालपण सविस्तर मिळतं ते २००८-०९ च्या पाच अंकी 'मॅग्नेटो: टेस्टामेंट'मध्ये. म्हणजे आयुष्याचं पहिलं प्रकरण पंचेचाळीस वर्षांनी लिहिलं गेलं.

१५० व्या अंकाला लेखात भरपूर जागा द्या. तो सगळ्या राष्ट्रांना शस्त्रं खाली ठेवायला सांगतो, रशियन पाणबुडी 'लेनिनग्राड' त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडते, तो ती माणसांसकट बुडवतो. नंतर लढाईत एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो. ती निपचित पडलेली दिसते आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की ही तर पोर आहे, तेरा-चौदा वर्षांची. तिला हातात घेऊन तो थांबतो. पुढचा सगळा मॅग्नेटो या प्रसंगातून निघतो. हा प्रसंग एका ओळीत उरकला तर १९८५ चा पॅरिसचा खटला (अंक २००) आणि त्याने एक्स-मेनचा संस्थापक झेव्हियर याची शाळा चालवायला घेणं, दोन्ही वाचकाला पटणार नाही.

संदर्भ देताना 'एक्स-मेन १' एवढंच लिहू नका. १९६३ चा पहिला अंक वेगळा, १९९१ चा वेगळा, त्यानंतरही त्या नावाने मालिका पुन्हा एकपासून सुरू झाल्या आहेत. वर्ष लागतंच. आणि जुन्या मालिकेतले ६७ ते ९३ अंक पुनर्मुद्रणं आहेत, त्यात नवं काही शोधू नका.

पानसुपारी:
नावाचं सोपं आहे. 'टेस्टामेंट'नुसार जन्मनाव मॅक्स आयझेनहार्ट. एरिक लेनशर ही बनावट कागदपत्रांवरची ओळख, ती करून देणारा जॉर्ज ओडेकर्क. हे १९९० च्या दशकातल्या कथांत येतं. हैफात झेव्हियरला भेटतो तेव्हा तो मॅग्नस म्हणवतो ('अनकॅनी' १६१, १९८२). लेखात बालपणापुरतं 'मॅक्स' वापरा, पुढे 'मॅग्नेटो'. मध्येच नाव बदललंत तर वाचक गोंधळतो.

मुलांचा प्रश्न जास्त किचकट. आधी कुठलंच नातं नव्हतं. १९७९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स' १८५-१८७ मध्ये वुंडागोर पर्वतावरच्या जुळ्यांच्या जन्माची कथा आली, १९८३ मध्ये 'व्हिजन अँड द स्कार्लेट विच'मध्ये तोच बाप असल्याचं ठरलं. २०१४ च्या 'अ‍ॅक्सिस'मध्ये वांडाचा मंत्र तिच्या रक्ताच्या नात्यांवर चालतो, पण मॅग्नेटोवर चालत नाही. तिथे ते नातं तुटलं. एक्स-मेनमधल्या लोर्ना डेनचं नेमकं उलट: १९६८ मध्ये मुलगी म्हटलं, लगेच खोटं ठरलं, २००३ मध्ये जनुकीय तपासणीने खरं ठरलं.

पण रद्द झालेलं नातं लेखातून पुसून टाकू नका. तीस वर्षं तो बाप म्हणून वागला, 'हाउस ऑफ एम' (२००५) त्या नात्यावरच उभं आहे. 'तेव्हा तो स्वतःला बाप समजत होता' असं लिहा.

निळी_शाई:
आभार. त्याची बायको माग्दा आणि लेक आन्या यांचा प्रसंग मात्र माझ्याकडच्या 'अनकॅनी'च्या संग्रहात कुठेच दिसत नाही.

जुना_रॅक:
तिथे दिसणारही नाही. तो 'क्लासिक एक्स-मेन' १२ (१९८७) मध्ये आहे. त्या मालिकेत जुना अंक पुन्हा छापून मागे नवी छोटी कथा जोडत, आणि मूळ मालिकेच्या संग्रहात अशा पुरवणी कथा बहुधा गाळतात. विनित्सियात तो मजुरी करतो, मुकादम पूर्ण पैसे देत नाही, रागात त्याची शक्ती उसळते. तेवढ्यात राहत्या जागेला आग लागते, लेक आन्या आत अडकते. जमाव त्याला अडवून धरतो आणि ती डोळ्यांदेखत जळते. तो जमावाला मारून टाकतो. ते बघून माग्दा घाबरून पळून जाते. खलनायक घडतो तो इथे, छावणीत नाही. छावणीतून तो माग्दाला घेऊन जगायला बाहेर पडला होता.

तिसरी_आवृत्ती:
उरलेले दोन मुद्दे.

वय: १९७४ च्या 'डिफेंडर्स' १६ मध्ये अल्फा हा त्यानेच घडवलेला म्यूटंट त्याला तान्हं बाळ करून टाकतो. 'एक्स-मेन' १०४ (१९७७) मध्ये एरिक द रेड हा दुसराच खलनायक त्याला पुन्हा मोठा करतो, पण ऐन उमेदीच्या वयात. बाकी पात्रांचं वय मार्व्हल सोयीने पुढे ढकलत राहतं, याचं बालपण मात्र खऱ्या इतिहासाला बांधलेलं आहे, म्हणून हा दुवा गाळता येत नाही. बाळ असताना शास्त्रज्ञ मोइरा मॅकटॅगर्टने त्याच्या जनुकांत ढवळाढवळ केली, हे १९९१ च्या 'एक्स-मेन'मध्ये उघड होतं. त्यावरून 'त्याचं सुधारणं तिने घडवलं' असा निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. त्याच कथेच्या तिसऱ्या अंकात स्पष्ट आहे की शक्ती वापरली की तो परिणाम टिकत नाही. सुधारणा त्याची स्वतःची.

झॉर्न: २००३-०४ च्या 'न्यू एक्स-मेन' १४६-१५० मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी झॉर्न म्हणजेच मॅग्नेटो असं दाखवलं. २००४ च्या 'एक्सकॅलिबर'मध्ये खरा मॅग्नेटो जेनोशा बेटावर झेव्हियरसोबत जिवंत दिसतो, म्हणजे मेला तो तोतया. झॉर्नच्या कथेतला न्यूयॉर्कचा विध्वंस मॅग्नेटोच्या खात्यावर मांडू नका, तळटीपेत द्या. हीच काळजी जोसेफबद्दल (१९९५ पासून) घ्या, तो मॅग्नेटोचा क्लोन आहे.

२०२२ चा मृत्यू मात्र खरा धरा. युरानोस या खलनायकाच्या हल्ल्यात हृदय गमावून तो मरतो. परत येतो २०२४ च्या 'रिसरेक्शन ऑफ मॅग्नेटो'मध्ये, चार अंक, लेखक अल युइंग. त्यात तो आपल्या हातून मेलेल्यांना सामोरा जातो, म्हणून 'लेनिनग्राड' आणि विनित्सिया आधीच नीट सांगून ठेवा.