चिनी कॅलिग्राफी: लिहायला बसण्याआधी हात आणि मन कसं तयार करावं? सल्ला हवाय

शाईवाली
नमस्कार मंडळी. मी सिंगापूरला असते. घराजवळच्या कम्युनिटी क्लबात चिनी कॅलिग्राफीचा वर्ग लावलाय. बोरूने देवनागरी लिहायची जुनी सवय आहे, पण बोरू तिरका आणि हात कागदावर टेकलेला. इथे ब्रश उभा आणि मनगट अधांतरी. थोड्याच वेळात खांदा भरून येतो, आडवी रेघ थरथरते. त्यात ऑफिसातून थेट वर्गाला जाते, डोक्यात मीटिंगा चालूच असतात. तेही रेघेत दिसतं असं सर म्हणतात. तुम्ही काय तयारी करता? ब्रश-कागदही सुचवा.

काजळकांडी
ताई, मनगट उचलताना खांदाही वर जातोय का ते आधी बघा. बहुतेकांचं तेच होतं. ब्रश घेण्याआधी दोन्ही हात खाली मोकळे सोडा, खांदे उतरू द्या. तळपाय पूर्ण जमिनीवर, छाती आणि टेबल यांत एक मूठ बसेल एवढं अंतर, डावा हात कागदावर. बोटांची पकड पक्की, पण तळहात आतून पोकळ. हे सगळं जमेपर्यंत मनगट अधांतरी ठेवायचा अट्टहास नको. डावा पंजा पालथा ठेवून त्यावर उजवं मनगट टेकवायची रीत चीनमध्ये जुनीच आहे, बारीक अक्षरांसाठी ती चालते. मग कोपर टेबलावर आणि मनगट वर. मोठ्या अक्षरांना कोपरही उचला, नाहीतर सरळ उभं राहून लिहा.

मनासाठी माझा एकच आग्रह: बाटलीतली शाई बाजूला ठेवा आणि घट्ट शाईची कांडी उगाळा. सहाणेवर चंदन उगाळतो तशीच, दगडावर थोडंसं पाणी घेऊन, कांडी उभी धरून, जोर न लावता गोल गोल. घाई केली की शाई खरखरीत होते, त्यामुळे हाताला सावकाश चालावंच लागतं आणि श्वासही आपोआप लांबतो. कांडीमागे उमटणारी वाट लगेच बुजेनाशी झाली की शाई झाली. मग कांडी पुसून ठेवा, दगडावर राहिली तर चिकटते. वर्गाला थोडं आधी पोचा आणि तेवढा वेळ यालाच द्या. तोवर फोन पिशवीत.

अनुस्वार
काजळकांडींशी पूर्ण सहमत. चीनच्या थांग राजवटीतल्या सुन ग्वोथिंग या कॅलिग्राफरने 687 साली 'शूपू' हा कॅलिग्राफीवरचा ग्रंथ लिहिला, त्यात नेमका हाच विषय आहे. लिहायला अनुकूल अशा पाच गोष्टी तो सांगतो: मन प्रसन्न आणि कामाचा ताण नाही, कुणाबद्दल तरी कृतज्ञता दाटून आलेली, हवा सौम्य आणि दमट, कागद-शाईचं जुळलेलं, आणि अचानक आलेली लिहायची हुक्की. प्रतिकूलही पाचच: मनाची घाई आणि अंगात जडपणा, मनाविरुद्ध लिहावं लागणं, कोरडा वारा आणि ऊन, न जुळणारे कागद-शाई, कंटाळलेला हात. पुढे तो म्हणतो, चांगल्या वेळेपेक्षा चांगली साधनं बरी आणि साधनांपेक्षा मनाची तयारी बरी. मला हे फार पटतं. नोकरी करणाऱ्याला चांगली वेळ कुठून मिळणार? मन मात्र जागेवर आणता येतं.

हवेचं म्हणाल तर सिंगापूरची हवा सुन साहेबांना आवडली असती. फक्त एसीच्या झोतात बसू नका, दगडावरची शाई लवकर सुकते.

रेघोट्या
खरेदीचं सांगतो. पहिला ब्रश मिश्र केसांचा घ्या. नुसत्या बकरीच्या केसांचा फार मऊ, नवख्या हाताला आवरत नाही. नव्या ब्रशची खळ कोमट पाण्यात सोडवून घ्या, गरम पाणी नको. लिहून झालं की धुऊन, टोक खाली करून टांगा. आनह्वे प्रांतातला शुआन कागद सुंदरच, पण कच्चा (खळ न दिलेला) शुआन शाई झटकन पितो, हात जरा अडला की डाग. सरावाला बांबूचा पिवळसर कागद पुष्कळ. पाण्याने लिहायचं कापडही मिळतं, सुकलं की पुन्हा कोरं.

शाईवाली
सगळ्यांचे मनापासून आभार! उद्यापासून कांडी. सरांनी थांग काळातला कॅलिग्राफर यान झेनचिंग याच्या 752 सालच्या दुओबाओ शिलालेखाचा कागदावर घेतलेला ठसा गिरवायला दिलाय. रोज किती अक्षरं लिहू?

काजळकांडी
उत्तम नमुना आहे, मूळ शिळा चीनमधल्या शीआन शहराच्या शिलालेख संग्रहालयात आहे. आकडा धरू नका. एकच अक्षर निवडा आणि ब्रश न उचलता आधी ते वाचा. साधी आडवी रेघच बघा: टोक आधी किंचित डावीकडे शिरतं, दाब घेतं, मग उजवीकडे वळून चालू लागतं, शेवटी थांबून, दबून, थोडं मागे फिरतं आणि मगच उचललं जातं. हे सगळे मुक्काम डोळ्यांना दिसले की कोरड्या ब्रशने हवेत गिरवा, मग कागदावर. थरथर बहुतेक मधल्या चालीत येते. तिथे बोटांनी ओढू नका, पूर्ण हात खांद्यापासून सरकू द्या. आणि श्वास रोखू नका, रेघ चालू असताना हळूहळू सोडा. पुढच्या वर्गानंतर रेघांचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.