मदत हवी आहे: ट्राउटसाठी मध्यम किमतीचा फ्लाय रॉड, चार नंबर की पाच नंबर?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. इथे फ्लाय फिशिंग (पिसाचा नकली किडा, म्हणजे फ्लाय, लावून मासेमारी) करणारं कुणी असेल तर सल्ला हवा आहे. जरा लांबण लावतोय, कारण अर्धवट माहितीवर खरेदी करून एकदा फसलो आहे.

लहानपणापासून कोयनेवर गळ टाकतो. मेसाची काठी, तंगूस, मोरपिसाच्या काडीचा तरंगा आणि आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. चिलापी, मरळ, कधी वाम. गेल्या मे महिन्यात हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो, बंजारच्या पुढे गुशैणीजवळ. होमस्टेच्या मालकांनी त्यांचा जुना सहा नंबरचा फ्लाय रॉड दिला. तीन दिवसांत एकच ब्राउन ट्राउट लागला, नऊ इंचांचा. ओल्या हाताने धरला, अंगावरचे लाल ठिपके बघितले आणि सोडून दिला. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

परत आल्यावर एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हाच चालतो फ्लायला." घरी येऊन बघतो तर तो स्पिनिंगचा रॉड. फ्लाय लाईन त्याच्या कड्यांतून नीट सरकतसुद्धा नाही. तो परत घेतला नाही. साडेतीन हजार गेले.

आता एप्रिलमध्ये पुन्हा तीर्थनला जायचंय. रॉडसाठी 15 ते 18 हजार बाजूला काढलेत, रील आणि लाईनसाठी वेगळे आठ हजार. मी शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे हा रॉड पुढची दहा वर्षं टिकायला हवा. वाचलं तिथे सगळे म्हणतात नऊ फुटी पाच नंबर घ्या, डोळे झाकून. पण तीर्थन काही मोठी नदी नाही. मोठमोठे खडक, मध्ये छोटे डोह, काठाला झाडं. तिथे चार नंबर बरा की पाच? लांबी साडेआठ की नऊ? फास्ट अ‍ॅक्शन म्हणतात ती मला झेपेल का? आणि तोच रॉड इकडे चिलापीला वापरता आला तर फार बरं, कारण हिमाचल वर्षातून एकदाच.

वेण्णाकाठ (सातारा)

दादा, माझं मत पाच नंबर, नऊ फूट.

आधी नंबर म्हणजे काय ते सांगतो, इतर वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. आपल्या गळाला शिसं असतं, ते फेकलं की दोरा मागून जातो. फ्लायला वजन जवळपास नसतंच, पिसाचा तुकडा तो. इथे वजन असतं ते लाईनला. लाईनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन किती, त्यावरून नंबर ठरतो. चार नंबरला 120 ग्रेन, पाचला 140. ग्रॅममध्ये म्हणजे साधारण पावणेआठ आणि नऊ. रॉडवर लिहिलेला नंबर म्हणजे तो रॉड एवढ्या वजनाच्या लाईनला वाकेल असा बनवला आहे.

पाच नंबरने वाऱ्यात फेक मारता येते, निंफ, म्हणजे मणी लावलेली जरा जड, बुडणारी फ्लाय टाकता येते, आणि कण्हेर धरणाच्या पाण्यावर अर्धा किलोची चिलापी लागली तरी धाकधूक नाही. एकच रॉड घेणार असाल तर हाच. चार तुकड्यांचा घ्या. नऊ फुटीचा एकेक तुकडा सव्वादोन फुटांच्या आसपास येतो, गोवा एक्स्प्रेसमध्ये बर्थखाली नळी आरामात मावते.

हरिपूरची (सांगली)

मी थोडं वेगळं सांगणार आहे. यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं कुल्लूत काढली, तीर्थन आणि सैंज दोन्ही नद्यांवर भरपूर उभी राहिले आहे.

कोयनाकाठ, तुम्ही एक आठवून बघा. तो नऊ इंची ट्राउट लागला तेव्हा तुमच्यापासून फ्लाय किती लांब होती? मी पैजेवर सांगते, 25 फुटांच्या आत. तीर्थनवर 40 फुटांची फेक मारायला जागाच नसते. खडकाच्या आड वाकून उभं राहायचं, पुढच्या खडकामागे जे शांत पाणी असतं त्यात फ्लाय सोडायची, दोन सेकंद वाहू द्यायची, उचलायची. मासा तिथेच असतो, कारण धारेत ताकद न घालवता त्याला वाहून येणारे किडे मिळतात.

आता फास्ट रॉडचं काय होतं ते सांगते. तो फक्त शेंड्याला वाकतो. 40 फूट लाईन बाहेर असेल तर छान चालतो, पण 20 फुटांवर लाईनचं वजनच इतकं कमी की रॉड वाकतच नाही. मग माणूस हाताने जोर लावतो, लाईन पाण्यावर आपटते, ट्राउट पसार. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. तुम्हाला दिलेला सहा नंबर तसाच असणार. मध्यम अ‍ॅक्शनचा रॉड अर्ध्यापर्यंत वाकतो, जवळच्या फेकीला लाईन हातात जाणवते. शिवाय बारीक टिपेट, म्हणजे ज्याला फ्लाय बांधतात तो शेवटचा दोरा, तुटत नाही. 5X टिपेट जेमतेम 0.15 मिलिमीटरचं असतं, माशाने झटका दिला की तो रॉडने झेलायला हवा.

म्हणून माझं उत्तर: चार नंबर, साडेआठ फूट, मध्यम किंवा मिडियम-फास्ट. रेडिंग्टन कंपनीचा 'क्लासिक ट्राउट' रॉड याच स्वभावाचा आहे. ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर थोडा ताठ, पण चार नंबरमध्ये चांगला. परदेशातून मागवलात तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा. नाहीतर 18 हजारांचा रॉड बराच महाग पडतो.

मध्यम किमतीच्या रॉडमध्ये कार्बनची नळी आता बरी मिळते, काटकसर दिसते ती बाकीच्या जागी. मुठीचं बूच बघा, भोकं पुट्टी भरून बुजवलेली असतील तर दोन पावसाळ्यांत पुट्टी निघते. तुकडे जोडून एका डोळ्याने कडी एका रेषेत येतात का बघा. जोडाजवळ दोऱ्याचं गुंडाळणं आणि वार्निश पक्कं आहे का बघा. आणि शेंडा मोडला तर नवीन तुकडा एकटा मिळतो का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. मोडतो तो शेंडाच, आणि बहुतेक वेळा घरात, दाराच्या फटीत नाहीतर पंख्यात.

वेण्णाकाठ (सातारा)

ताई, हे पटलं. मी कायम धरणाच्या मोकळ्या पाण्यावर असतो, त्यामुळे माझा विचार तिकडूनच होतो. पण इकडच्या वाऱ्याला चार नंबर कमी पडेल, यावर मी ठाम आहे.

माणदेशी पाव्हणा

एक शंका. एवढ्या लांब जायचं कशाला, महाबळेश्वरला ट्राउट नाहीत का? थंड हवा तर तिथेही आहे.

हरिपूरची (सांगली)

नाहीत, दादा. ट्राउटला पाणीच थंड लागतं, आणि तेही बारा महिने. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याची दमछाक होते, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ते शक्य नाही. हा मासा मूळचा इथला नव्हेच. इंग्रजांच्या काळात काश्मीरमध्ये आणला आणि 1909 मध्ये तिथून कुल्लूत नेला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत आहे, बस.

संथ वाहते (वाई)

रॉडबद्दल मला बोलता येणार नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा मोठा भाग अभयारण्यात आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे गळ टाकू नका. इतर तलावांचा मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांच्या माणसांना विचारून जा, चहा पाजा, ते अडवत नाहीत.

दुसरं, कार्बनमधून वीज वाहते. शेतावरून खाली आलेल्या तारांजवळ हा रॉड उभा धरू नका. आणि वळवाचं आभाळ भरून आलं की तो आडवा ठेवून काठावरून निघा. आमच्याकडे असा प्रसंग थोडक्यात टळला आहे.

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या रविवारी पुण्यात एका मित्राकडे जाऊन आलो. त्याच्याकडे पाच नंबरचा फास्ट आणि चार नंबरचा मिडियम-फास्ट, दोन्ही होते. जवळच्या शाळेच्या मैदानावर टेप लावून 20, 30 आणि 45 फुटांवर थाळ्या ठेवल्या. फ्लायऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला.

45 फुटांवर पाच नंबर सरळ गेला, चार नंबरची लाईन वाऱ्याने डावीकडे ढकलली. वेण्णाकाठ, तुमचं खरं आहे. पण 20 फुटांच्या थाळीत पाच नंबरने दहापैकी दोनदा लोकर पडली, चार नंबरने सात वेळा. आणि पडली तीही हलकी, गवतावर आवाज नाही. हरिपूरच्या ताई, तो ट्राउट जिथे लागला तिथला तेव्हाचा फोटो शोधून बघितला. माझ्या बुटापासून खडकापर्यंत तीन पावलं असतील, त्याच्या पलीकडे लगेच फ्लाय. 15 फूट फार झाले. मी तीन दिवस लांब फेकायचा प्रयत्न करत होतो आणि मासे पायाशी होते.

तर चार नंबर, साडेआठ फुटी, चार तुकड्यांचा ठरवला. कण्हेरवर वारा असेल त्या दिवशी मेसाची काठी आहेच.

एकच प्रश्न राहिला. लाईन कुठली? आणि आठ हजारांत रीलवर किती घालू?

हरिपूरची (सांगली)

रीलवर कमी घाला. ट्राउटला ती लाईन ठेवायची जागा आहे, मासा बहुतेक वेळा लाईन हाताने ओढूनच आणता. साधी, हलकी, रॉडला लावून मुठीच्या पुढच्या टोकाशी बोटावर तोलली जाईल अशी घ्या. तीन हजारांत होईल.

उरलेले लाईनवर. वेट-फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन असलेली), तरंगणारी, चार नंबर. फक्त डब्यावर ग्रेन वाचून घ्या. हल्ली बऱ्याच लाईनी लिहिलेल्या नंबरापेक्षा अर्ध्या नंबराने जड बनवतात, फास्ट रॉड वाकावा म्हणून. तुमच्या रॉडला ते नको, 120 च्या आसपासची बघा. लीडर (लाईनच्या टोकाला बांधायचा निमुळता दोरा) नऊ फुटी 5X, आणि टिपेटची एक जादा रीळ. मिळालं की शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी वीस मिनिटं, आणि 15 फुटांपासून सुरुवात करा. परवाना मत्स्य विभागाकडून रोजचा मिळतो, बंजारला पोहोचलात की आधी तो काढा आणि मगच नदीवर जा.