पहिला ग्रामोफोन कोणता घ्यावा?

चोरबाजारात दिसलेले चकचकीत पितळी कर्ण्याचे यंत्र पहिला ग्रामोफोन म्हणून घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे 'नाही' असे आहे. अशी बरीचशी यंत्रे अलीकडे जुळवलेली असतात. मोडक्या पोर्टेबल यंत्राची मोटर नव्या लाकडी पेटीत बसवून, वर पातळ पत्र्याचा कर्णा लावून ती 'अँटिक' म्हणून विकली जातात.

त्याऐवजी एचएमव्हीचे १९३१ पासून निघालेले १०२ क्रमांकाचे पोर्टेबल पाहावे. त्याचा कर्णा पेटीतच दडलेला असल्यामुळे ते दिसायला साधे वाटते, पण वाजते फार सुरेख. घेण्यापूर्वी चावी भरून एक तबकडी शेवटपर्यंत ऐकावी. मध्येच पेटीतून धडधड ऐकू आली, तर स्प्रिंगमधले ग्रीस वाळले आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त होतो. साउंडबॉक्समधले, म्हणजे सुई जिथे बसते आणि तिच्या कंपनांचा आवाज होतो त्या गोल डबीतले, रबर मात्र अवश्य तपासावे. माझ्या यंत्रातले रबर इतके कडक झाले होते की नखही रुतत नसे, आणि गायकाने तार षड्ज लावला की आवाज चिरकत असे. नवे रबर बसवल्यावर तोच स्वर स्वच्छ लागला.

पोलादी सुई तबकडीची एक बाजू वाजली की बदलावीच, कारण लाखेच्या तबकडीतली भुकटी सुईचे टोक झिजवते आणि ते झिजलेले टोक पुढच्या तबकडीची खोबण खरवडते. व्हिनाइलची एलपी तर या यंत्रावर कधीही लावू नये. एकाच फेरीत ती कायमची खराब होते.