षाण्मासिक ऑनलाइन खुलं करायचंय, पण लेखकांकडून पैसे न घेता

षाण्मासिकवाला: समाजशास्त्राचं षाण्मासिक, वर्षाला साधारण २४ लेख. सगळा खर्च छापील अंकाच्या वर्गणीवर भागतो. ऑनलाइन अंक मोफत केला आणि वर्गणीदार गळाले, तर पैसा कुठून आणायचा?

ग्रंथपाल_पुणे: गळतीलच असं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयातून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ऑनलाइन मोफत झालं, लेखकांना शुल्कही नव्हतं, तरी छापील वर्गणी चालू राहिली. अर्थात वैद्यकीय अंकाला जाहिराती मिळतात, तुम्हाला फारशा मिळणार नाहीत.

तुमच्यासाठी ‘सबस्क्राइब टू ओपन’ ही पद्धत बघा. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये पाच नियतकालिकांपासून ते सुरू केलं. जुन्या वर्गणीदारांनी नेहमीसारखी वर्गणी भरायची; ठरलेली रक्कम जमली की त्या वर्षाचे अंक सर्वांना खुले, नाही जमली तर फक्त वर्गणीदारांना. रक्कम आणि मुदत आधी जाहीर करा. पैसे यायच्या आत अंक खुला केलात, तर पुढच्या वर्षी भरायचं कारणच उरत नाही.

आणि बिलावर ‘वर्गणी’च लिहा. ‘देणगी’ लिहिलंत की ग्रंथालयाच्या नियतकालिकांच्या तरतुदीत ते बसत नाही, लेखापरीक्षणात अडकतं.

ओजेएस_सांभाळणारा: आधी खर्च मांडा. ओजेएस, म्हणजे नियतकालिक ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, मोफत आहे; सर्व्हर आणि बॅकअप नाही. आयएसएसएनला, म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकाला, पैसे पडत नाहीत, पण छापील आणि ऑनलाइनसाठी वेगवेगळे घ्यावे लागतात. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक; तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे नव्या लेखाला एक डॉलर, म्हणजे तुमचे वर्षाला २४ डॉलर. भार पडतो तो तिथल्या वार्षिक सदस्यत्वाचा. संकेतस्थळाचं डोमेन बदललं तर क्रॉसरेफकडे नोंदवलेले लेखांचे पत्ते लगेच बदला, नाहीतर सगळे डीओआय मेलेच.

खरा पैसा जातो मुद्रितशोधन आणि मांडणीत. त्यासाठी संस्थेकडे रोकड मागण्यापेक्षा अर्धवेळ सहायक लेखी मंजूर करून घ्या. अनुदान आटतं, माणूस सहसा टिकतो. जुने अंक नॉन-युनिकोड (युनिकोडपूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या) फॉन्टात असतील तर पीडीएफमधला मजकूर शोधात सापडणार नाही. ते रूपांतर वेगळं धरा.

षाण्मासिकवाला: स्वीकारलेल्या लेखामागे २,००० रुपये घेतले तर? ४८,००० होतात.

ग्रंथपाल_पुणे: होतात, पण मग नाकारलेला प्रत्येक लेख म्हणजे २,००० चं नुकसान. तंगीच्या वर्षी संपादकाचा हात कुठे वळेल ते बघा. आणि डीओएजेत, म्हणजे खुल्या नियतकालिकांच्या जागतिक सूचीत, नोंद हवी असेल, तर शुल्क असो वा नसो, संकेतस्थळावर स्पष्ट लिहावंच लागतं.