तिनं नाही म्हटलंय, तरी डोक्यातून जात नाही. मदत हवी आहे

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. मूळचा खानापूर तालुक्यातला, आता बेळगावच्या वडगावात भाड्यानं राहतो. वय २६. उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. पोरगी कशी पटवायची ते विचारत नाहीये, हे आधीच सांगतो. ती आमच्याच कारखान्याच्या ऑफिसात आहे आणि तिनं मला स्पष्ट, पण नीट शब्दांत नाही म्हणून सांगितलंय. तिच्या घरी कन्नड बोलतात, म्हणून मित्र म्हणतात, भाषेमुळं नाही म्हणाली. तसलं काही नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. मी तिला तसा आवडत नाही, एवढंच.

अडचण माझी आहे. नकारानंतर हे कमी होईल वाटलं होतं, उलट वाढलं. तिनं ग्रुपवर सगळ्यांना टाकलेल्या शुभेच्छेतसुद्धा मी माझ्यासाठी काहीतरी शोधतो. गेटवर हसली की दिवस सोन्याचा, नाही हसली की जेवण जात नाही. पुण्याहून नोकरीसाठी फोन येत होता, तो मी उचललाच नाही. शिवजयंतीच्या चित्ररथात आमच्या मंडळाच्या सजीव देखाव्यात मी शाळेपासून असतो. यंदा तालमीलाच गेलो नाही, कारण ती बघायला येणार नव्हती! आईला सांगितलं तर म्हणेल, पोराला कुणीतरी करणी केली.

हा आजार आहे काय? रोज समोर दिसणाऱ्या माणसापासून लांब कसं राहायचं?

निपाणीचा:
लग्न कर भावा. महिन्यात विसरशील.

टिळकवाडीची अक्का:
निपाणीकर, त्या दुसऱ्या पोरीनं काय पाप केलंय?

बाळा, तू ऐक. डोरोथी टेनोव्ह नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून या अवस्थेला लिमरन्स असं नाव दिलं, १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. हे आजाराचं नाव नव्हे. आशा आणि अनिश्चितता दोन्ही असतील तर ही ओढ टिकते, असं त्यांचं निरीक्षण. साधारण दीड ते तीन वर्षं चालते म्हणाल्या. तुझं नेमकं तेच झालंय. नकार तोंडानं मान्य केलास, पण गेटवरच्या हसण्यावर आशा जगवतोयस. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात कबुतरांना दाणा कधी मिळायचा, कधी नाही. तो पुढं पूर्ण बंद केला तरी नेमानं दाणा मिळालेल्या कबुतरांपेक्षा ती जास्त वेळ चोच मारत राहायची. तेव्हा तिचं हसणं हा निरोप नाही, ती सगळ्यांनाच हसते, हे मनाशी पक्कं कर.

कारखाना एक असला तरी शिफ्ट बदलून मागता येते. तिचं स्टेटस बंद करून टाक. कामाचं बोलणं कामापुरतं. "आपण मैत्री तरी ठेवू" असला मेसेज पाठवू नकोस, ती मागच्या दारानं आत शिरायची वाट असते. आणि एक कडू बोलते. नको म्हटल्यावर पुन्हापुन्हा मागं लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तू तसा वाटत नाहीस, पण तिच्या वेळेला गेटवर उभं राहणं आजच थांबव.

तालमीला जा. देखाव्यात भालदाराचं काम मिळालं तरी चालेल.

जेवण, झोप सुटली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर थांबू नकोस. मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, टेली मानस १४४१६, सरकारी आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालतं. समोरासमोर बोलायचं तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे.

मलप्रभाकाठ:
अक्का, तिच्या वेळेला गेटवर उभा राहतो हे मी लिहिलंही नव्हतं, तरी तुम्ही ओळखलंत. जिवाचं तसलं काही मनात नाही, झोप मात्र गेलीय. सुपरवायझरला सेकंड शिफ्ट मागतो. त्या नंबरावर मराठीत बोलतात काय? कन्नड मला कामापुरतंच येतं, हे सगळं त्यात सांगायला जमणार नाही.

टिळकवाडीची अक्का:
भाषा निवडता येते, मराठी आहे. आणि पुण्याच्या त्या माणसाला तूच उलटा फोन लाव.