आधी चेनसॉ शिकावा की आधी कोंबड्या पाळाव्यात?

नवी_जमीन

नमस्कार. आम्ही नुकतेच थोड्या जमिनीवर राहायला आलो आहोत आणि शक्य तितकी कामे स्वतःच्या हाताने करायला शिकण्याचा विचार आहे. जागेवर वाऱ्याने उन्मळून पडलेली दोन जाड झाडे आहेत. त्यांच्या ओंडक्यांना चेनसॉ मिलची चौकट (चेनसॉ धरून ओंडक्याच्या लांबीने सरकवत नेण्याची चौकट) लावून फळ्या काढायच्या, त्या फळ्यांचे खुराडे बांधायचे आणि त्यात याच हंगामात पिल्ले आणून सोडायची, अशी योजना मी कागदावर मांडली आहे. माझ्याकडे फांद्या छाटण्यासाठी घेतलेला ४५ सीसीचा चेनसॉ आहे आणि तो चालवण्याचा सराव आहे. जनावरे किंवा पक्षी मात्र कधीच पाळलेले नाहीत. कोंबड्यांना पत्नीची संमती आहे, पण झाडाचे काम जाणत्या माणसाकडे द्यावे असे तिचे मत आहे. हा क्रम योग्य आहे का, हे यंत्र पुरेल का, आणि सुरुवात पिल्लांपासून करावी की वाढलेल्या तलंगांपासून (अजून अंडी न घालू लागलेल्या तरुण कोंबड्यांपासून), याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कानस

यंत्राच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: ४५ सीसी पुरणार नाही. फांदी आडवी कापताना इंजिनावर काही सेकंद ताण येतो, तर फळी काढताना ओंडक्याची संपूर्ण लांबी संपेपर्यंत ते पूर्ण ताकदीने चालवावे लागते. शिवाय पाते खोडाला आडवे असल्यामुळे दात सतत तंतूंची टोके कापत असतात, आणि लाकडात याहून कठीण काप नाही. बारीक खोडासाठीसुद्धा ६० सीसीच्या खाली जाऊ नये आणि हातभर रुंदीच्या ओंडक्याला ८० ते ९० सीसीचे यंत्र लागते. साखळीही वेगळी असते. नेहमीच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांत घासलेले असतात, तर फळ्या चिरण्याच्या साखळीचे सुमारे १० अंशांत, आणि त्यामुळे फळीचा पृष्ठभाग पुष्कळ सपाट येतो.

मात्र यंत्राच्या आधी कानस हातात घ्यावी, असा माझा आग्रह आहे. साखळीला धार लावता येत नसेल, तर मोठे इंजिन घेऊन फक्त धूर वाढतो. प्रत्येक दाताला एकाच कोनात, आतून बाहेर, मोजून तितकेच हात मारणे आणि डावीकडचे व उजवीकडचे दात समान लांबीचे ठेवणे हे कौशल्य बसल्या जागी, कोणताही धोका न पत्करता शिकता येते. एका बाजूचे दात आखूड राहिले, तर काप वाकडा जातो आणि शिकणारा मात्र चौकटीला दोष देत बसतो. यंत्र आपोआप पुढे सरकेनासे झाले आणि ढकलावे लागू लागले, की थांबून धार लावावी. साल मातीने माखलेली असेल, तर ती आधीच खरवडून काढावी, कारण वाळूचा एक थर दातांची धार घालवायला पुरेसा असतो.

पहिल्या कापासाठी ओंडक्यावर सरळ शिडी किंवा ताठ फळी स्क्रूने बसवून तिच्यावरून चौकट सरकवतात, कारण पुढची प्रत्येक फळी त्या पहिल्या सपाटीवरच अवलंबून असते. काप पुढे जाईल तशा मागे लाकडी पाचरी ठोकत जाव्यात, नाही तर वरच्या फळीच्या वजनाने पाते चिमटते. भुशाचा हिशोबही आधीच करून ठेवा: प्रत्येक कापात ८ ते १० मिलिमीटर लाकूड जाते, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढल्या तर जवळजवळ चौथा हिस्सा भुसाच होतो.

तुमच्या पत्नीचे म्हणणे मात्र निम्मे पटते. उन्मळून पडलेल्या झाडाचे खोड मुळापासून वेगळे करणे हे सर्वांत धोक्याचे काम आहे. वजन सुटताच मुळांचा गड्डा मातीसकट मागे उसळून पुन्हा खड्ड्यात बसू शकतो, आणि वाकून दबलेली फांदी कापताच चाबकासारखी फिरते. तेवढे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि जमिनीवर स्थिर पडलेले ओंडके चिरायला स्वतः शिका. कानांवरचे संरक्षण, मास्क, डोळ्यांवर जाळी आणि पायांना काप-रोधक पँट यांत सवलत नाही. धूर तोंडावर येईल अशा बाजूला उभे राहू नये.

खुडूक

क्रमाबद्दल लिहिते, कारण मला खरी अडचण तिथेच दिसते. फळी उघड्यावर वाळायला जाडीच्या दर इंचाला ढोबळमानाने एक वर्ष लागते आणि पिल्लू तेवढे थांबत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी उतरवत नेतात आणि पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसे आली, की त्याला पक्के खुराडे हवेच असते. म्हणून तुमच्या योजनेतला खुराडे आणि फळ्या यांचा संबंध तोडा. यंदाचे खुराडे मिळेल त्या वाळलेल्या लाकडाचे बांधा, ओंडके पुढच्या कामांसाठी चिरा.

पहिल्यांदाच पाळत असाल, तर सोळा-सतरा आठवड्यांच्या चार-पाच तलंगा आणाव्यात, असे मी सुचवीन. उबेची जबाबदारी वाचते आणि थोड्याच आठवड्यांत अंडी सुरू होतात, त्यामुळे घरच्यांचा उत्साहही टिकतो. तरीही पिल्लेच आणायची असतील, तर थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहायला शिका. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजते आहे. भिंतीकडेला पसरून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर उकडते आहे. सगळीकडे विखरून टिपत असतील, तर दिव्याची उंची बरोबर आहे. लस कोणती आणि केव्हा द्यायची, हे पक्षी आणण्यापूर्वीच पशुवैद्यांना विचारून ठेवा, कारण मानमोडी (राणीखेत रोग) एकदा शिरली की उपचार उरत नाही.

बांधताना दोन गोष्टींत कसर करू नका. कोंबड्यांची म्हणून विकली जाणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला बाहेर ठेवत नाही; त्यासाठी १२ मिलिमीटर चौकोनांची, तारा जोडलेली जाळी लागते आणि ती जमिनीखाली किंवा बाहेरच्या बाजूला हातभर पसरून पुरावी लागते. दुसरी गोष्ट हवा. थंडीच्या भीतीने लोक खुराडे बंद करतात, मग विष्ठेतला अमोनिया आणि दमट हवा कोंडून पक्ष्यांना श्वासाचे आजार जडतात. झरोके बसण्याच्या दांड्याच्या बरेच वर ठेवले, म्हणजे वारा अंगावर न येता हवा खेळते.

रंधा

खुडूकताईंशी थोडा मतभेद आहे. घरातले कपाट ओल्या लाकडाचे करू नये हे खरे, पण खुराड्याच्या भिंतींना ओली फळी चालते, फक्त ती आकसणार हे गृहीत धरून बसवली पाहिजे. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून फळी वाकते आणि दोन्ही कडांना खिळे ठोकले असतील तर चिरते. फळ्या उभ्या लावाव्यात, मधोमध एकच ओळ खिळ्यांची ठेवावी आणि फटींवर पट्ट्या माराव्यात, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. सांगाडा, दार आणि बिजागऱ्यांची चौकट मात्र वाळलेल्या लाकडाचीच हवी.

उरलेल्या फळ्या जमिनीपासून उंच रचाव्यात, दोन थरांमध्ये समान जाडीच्या पट्ट्या बरोबर एकीखाली एक येतील अशा ठेवाव्यात, वर वजन आणि छप्पर द्यावे, पण बाजू मोकळ्या सोडाव्यात. टोकांना मात्र चिरल्या दिवशीच मेण किंवा जाड रंग लावावा. टोकांतून पाणी फार लवकर निघते आणि तिथूनच भेगा सुरू होतात.

नवी_जमीन

सर्वांचे आभार. आता सांगाडा वाळलेल्या लाकडाचा, भिंती आमच्या फळ्यांच्या आणि आरंभ तलंगांनी, असे ठरवतो आहोत. मोठे यंत्र धार लावणे जमेपर्यंत घेणार नाही. एक शंका उरली: चिरलेल्या फळीचा खरखरीत पृष्ठभाग आतून तसाच ठेवला तर चालेल का?

खुडूक

भिंतींना चालेल, बसण्याच्या दांड्यांना आणि अंड्यांच्या खोक्यांना नाही. लाल माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे, दिवसा फटींत आणि खडबडीत लाकडात दडतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात, म्हणून दिवसा पक्षी तपासून काही सापडत नाही. अंधार पडल्यावर दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासून पाहावा. लालसर रेघा उमटल्या तर ते आहेत. दांडे रंध्याने गुळगुळीत करा, कडा गोल करा आणि ते खिळ्यांनी न ठोकता खाचेत बसवा, म्हणजे काढून दोन्ही टोके खरवडता येतील. खुराडे काही आठवडे रिकामे ठेवून हा त्रास जात नाही, कारण हे किडे अन्नाशिवाय अनेक महिने तग धरतात.