मदत हवी आहे : १८५१ च्या जनगणनेतलं 'हारबरो, नॉरफोक' नेमकं कुठलं गाव?

नमस्कार मंडळी,

मी मूळची गडहिंग्लजची, गेली एकोणीस वर्षं लेस्टरजवळ राहते. नवरा इंग्लिश आहे. सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. डिसेंबरात दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे तो बैल घेऊन येणारा माणूस घराण्यातली सगळी नावं वाचून दाखवतो ना? आमच्या पणजोबांचं गाव कुठलं, ते सांगणारं इथे कुणी असेल का?" हेळव्याची गोष्ट मी त्यांना लग्न झाल्यावर कधीतरी सांगितली होती. इतक्या वर्षांनी त्यांनी ती काढली, आणि मी हे काम अंगावर घेतलं.

तीन महिने झाले. एका ठिकाणी गाडी पार अडकली आहे, म्हणून हा धागा. इथे इंग्लंडातल्या जुन्या नोंदी पाहिलेलं कुणी असेल तर कृपया वाचा. माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा असला तरी त्याची माणसं आज हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

आतापर्यंत हाती लागलेलं सांगते. सासूबाईंचे आजोबा १८६८ साली लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नला जन्मले. त्यांचा जन्मदाखला मागवला. त्यात आईचं माहेरचं आडनाव मिळालं, त्यावरून आईवडिलांचं लग्न सापडलं : १८५३, ब्लॅकबर्नचं सेंट मेरी चर्च (आता ते कॅथीड्रल आहे). लग्नाच्या दाखल्यात पणजोबांचं वय नुसतं 'पूर्ण वयाचा' एवढंच लिहिलंय, म्हणजे एकवीस किंवा जास्त. सहीच्या जागी फुली आहे. आणि 'वडिलांचं नाव' व 'वडिलांचा धंदा' या दोन्ही रकान्यांत एक आडवी रेघ. ही रेघ पाहून मी बराच वेळ तशीच बसून होते.

इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. पणजोबा त्याआधीचे, म्हणून जन्मदाखला मिळणार नाही. चर्चच्या बाप्तिस्म्याची नोंदच शोधायची, आणि त्यासाठी गाव कळायला हवं. जनगणनेतून मिळालं ते असं :

१८५१ (३० मार्चची रात्र) : ब्लॅकबर्न, एका विणकराच्या घरी भाडोत्री, वय २२, यंत्रमागावर विणकर, जन्मस्थळ 'हारबरो, नॉरफोक'.
१८६१ : बायको आणि तीन मुलं, वय ३१, जन्मस्थळ नॉर्थ वॉल्शम, नॉरफोक.
१८७१ : वय ४३, जन्मस्थळ यार्मथ, नॉरफोक.
१८८१ : वय ५२, जन्मस्थळ 'नॉरफोक, एन के'.

१८८९ ला ते वारले, त्यामुळे १८९१ ची जनगणना उपयोगाची नाही. १८४१ मध्ये ते बाराएक वर्षांचे असणार, पण ब्लॅकबर्नला त्या नावाचा मुलगाच नाही.

चार जनगणना, चार वेगळी उत्तरं. १८६१ पासून पुढे बायको-मुलांची नावं जुळतात, म्हणजे माणूस एकच आहे याबद्दल शंका नाही. 'हारबरो' नावाचं गाव मला नॉरफोकात सापडलंच नाही. मार्केट हारबरो मात्र आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, लेस्टरशरमध्ये. मला वाटलं, काउंटी लिहिताना प्रगणकाची चूक झाली असेल. म्हणून दोन महिने तिथल्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) नोंदवह्या १८२६ ते १८३१ पर्यंत ओळीनं पाहिल्या. काही नाही. नॉर्थ वॉल्शमचे बाप्तिस्मेही पाहिले, तिथेही नाही. यार्मथ तर एवढं मोठं बंदर की सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

मधल्या काळाबद्दलही जीव तुटतो. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतल्या युद्धामुळे कापूस यायचा थांबला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या. (त्याच कापसापायी मुंबईत पैशाचा पूर आला, हे आपण शाळेत शिकलो.) ब्लॅकबर्नच्या दफनाच्या वहीत १८६३ मध्ये या घरातली दोन मुलं आहेत. एक अकरा महिन्यांचं, एक तीन वर्षांचं. आमच्या इचलकरंजीत माग बंद पडले की घरात काय होतं ते मी लहानपणी मामाकडे पाहिलंय. त्यामुळे ही पानं माझ्यासाठी कोरडी नाहीत.

आणखी एक, कदाचित निरुपयोगी : या घरात पुरुषांना एक मधलं नाव द्यायची पद्धत आहे. आजोबांना होतं, सासूबाईंच्या वडिलांना होतं, भावालाही आहे. ऐकायला ते आडनावासारखं वाटतं. कुठून आलं, कुणालाच माहीत नाही.

माझे प्रश्न : 'हारबरो, नॉरफोक' कुठे असेल? 'एन के' म्हणजे काय? आणि लग्नाच्या दाखल्यातल्या त्या रेघेचा अर्थ एकच असतो का?

प्रतिसाद

'एन के' म्हणजे 'नॉट नोन', माहीत नाही. उत्तर देताना घरी दुसरंच कुणी असेल. ताई, 'हारबरो' हे तुम्ही मूळ पानावर वाचलंत की संकेतस्थळाच्या सूचीत?

धागाकर्ती

सूचीत. मूळ पान पाहिलं होतं, पण सूचीत जे होतं तेच डोळ्यांना दिसलं. आज पुन्हा मोठं करून बघते.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी नॉर्विचला अकरा वर्षं आहे, म्हणून तुमचा धागा बघून राहवलं नाही.

पान मोठं केलंत की एक करा. त्याच पानावर 'वीव्हर' हा शब्द दहा-वीस वेळा असेल. ब्लॅकबर्नच आहे ते. 'वीव्हर'च्या शेवटी 'आर' येतो. प्रगणकाचं ते 'आर' नीट बघून ठेवा आणि मग गावाच्या नावातल्या तिसऱ्या अक्षराशी लावून पाहा. माझी पैज आहे की ते 'आर' नाही. तिथे 'आय' आणि 'एस' जवळजवळ लिहिलेत आणि शब्द 'हेझ्ब्रो' आहे.

नॉरफोकच्या ईशान्य किनाऱ्यावर एक गाव आहे. पाटीवर लिहिलेलं वाचलं तर 'हॅपिसबर्ग' होतं, पण इथलं कुणीही तसं म्हणत नाही. म्हणतात 'हेझ्बरा'. समुद्रातल्या जवळच्या वाळूच्या दांड्याचं नाव नकाशांवर 'हेझ्बरो' असंच छापतात. नॉरफोकात हे नेहमीचंच आहे. 'वायमंडहॅम' लिहायचं आणि 'विंडम' म्हणायचं, 'कॉस्टेसी' लिहायचं आणि 'कॉसी' म्हणायचं. मी आलो तेव्हा पहिला आठवडा बसच्या ड्रायव्हरला गावाचं नाव सांगायलाच घाबरायचो.

आता तुमचे पणजोबा. सहीला फुली, म्हणजे स्वतः लिहिता येत नव्हतं. ते बोलले 'हेझ्बरा', लँकेशरच्या माणसानं कानाला आलं तसं लिहिलं, आणि दीडशे वर्षांनी सूची करणाऱ्यानं ते 'हारबरो' वाचलं. नॉर्थ वॉल्शम हे त्या भागातलं बाजाराचं गाव. यार्मथ त्याच किनाऱ्यावर खाली, सगळ्यांना ठाऊक असलेलं. आपण पुण्यात कुणी विचारलं तर वाडीचं नाव सांगत बसतो का? 'कोल्हापूरकडचा' म्हणून मोकळे होतो. चार उत्तरं वेगळी दिसली तरी माझ्या मते बोट एकाच जागेकडे आहे.

रेघेबद्दल. वडील वारलेले असले तरी कधीकधी पाद्री तसं करायचे, त्यामुळे एकट्या रेघेवर भरवसा ठेवू नका. पण लग्नाबाहेरचं मूल असणं ही पहिली शक्यता. तसं असेल तर बाप्तिस्मा आईच्या आडनावानं असतो. १८१३ पासून इंग्लंडभर बाप्तिस्म्याच्या छापील वह्या आल्या, एका पानावर आठ नोंदी. त्यात वडिलांच्या धंद्याचा रकाना असतो. बाप नसेल तर तिथे 'सिंगल वुमन' लिहिलेलं दिसेल. हॅपिसबर्गच्या नोंदी १८२७ ते १८३० अशा बघा. मूळ वही पुसट असेल तर तिची दरवर्षी वरच्या चर्च कार्यालयात जाणारी प्रत असते, तीही पाहा. दोन्हीत फरक निघतो कधीकधी.

१८४१ साठी ब्लॅकबर्न सोडा. त्या जनगणनेत पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची होती, पण मुलांची बरोबर असतात. नॉरफोकात बारा वर्षांचा मुलगा शोधा. आई दुसऱ्याशी लग्न करून गेली असेल तर सावत्र बापाच्या आडनावाखालीही. आणि तिथेही नसेल तर स्मॉलबरो गावचं वर्कहाउस बघा. टनस्टेड आणि हॅपिंग या भागातल्या पॅरिशांच्या गोरगरिबांना तिथेच ठेवत.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते मधलं नाव निरुपयोगी मुळीच नाही. लग्नाबाहेरच्या मुलाला आई पुष्कळदा बापाचं आडनाव मधलं नाव म्हणून द्यायची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते आहे का, आधी ते बघा.

धागाकर्ती

दादा, दोन दिवस काही लिहू शकले नाही, क्षमा असावी. सगळं सापडलंय आणि अजून हात थरथरतोय.

आधी तिसरं अक्षर. 'वीव्हर'चं 'आर' त्या प्रगणकानं सगळीकडे वर उचलून, उजवीकडे छोटा आकडा काढून लिहिलंय. गावाच्या नावात तसा आकडा नाही. एक बारीक उभी रेघ, तिच्यावर पुसटसं टिंब, आणि मग खाली वळलेलं 'एस'. ते टिंब मी दोन महिने कागदावरचा डाग समजत होते.

आमच्या गावच्या लायब्ररीत नोंदवह्यांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. शनिवारी उघडल्या उघडल्या जाऊन बसले. हॅपिसबर्ग, १ फेब्रुवारी १८२९. वार काढून पाहिला, रविवार येतो. पानावरची सहावी नोंद. वडिलांची जागा कोरी, आईचं नाव, तिचंच आडनाव, आणि धंद्याच्या रकान्यात 'सिंगल वुमन'. मुलाचं नाव दोन शब्दांचं आहे. दुसरा शब्द तोच, सासूबाईंच्या भावाचं मधलं नाव.

१८४१ मध्येही मिळाले. तुम्ही म्हणालात तसं स्मॉलबरोच्या वर्कहाउसच्या यादीत, वय १२. आई त्या यादीत नाही. हॅपिसबर्गच्या दफनाच्या वहीत ती १८३८ ला सापडली, वय ३१.

संध्याकाळी सासूबाईंना पान छापून दाखवलं. चष्मा काढून कागद अगदी डोळ्यांजवळ धरला आणि आईच्या नावावर बोट ठेवून त्या ते नाव दोनदा मोठ्यानं म्हणाल्या. मग मी त्यांना आपल्याकडची रीत सांगितली, की आमच्यात मधलं नाव म्हणजे बापाचंच नाव असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिनं सांगून ठेवलं होतं." पुढे काही बोलल्या नाहीत. भावाला मात्र रात्रीच फोन केला.

पणजोबांनी लग्नाच्या दाखल्यात ते मधलं नाव सांगितलेलं नाही, एकाही जनगणनेत नाही. पण स्वतःच्या मुलाला दिलं. त्यांना माहीत होतं, असंच मला वाटतं.

आता पुढची मदत. १८४१ मध्ये हॅपिसबर्ग आणि लगतच्या पॅरिशांत ते मधलं नाव आडनाव म्हणून लावणारी तीन घरं आहेत. एक शेतकरी, एक लोहार, एक मासेमारी करणारा. वाचनात असं आलं की १८३४ च्या गोरगरिबांबद्दलच्या कायद्याआधी अशा मुलाचा खर्च गावावर पडू नये म्हणून पॅरिशचे अधिकारी आईची जबानी घेत आणि बापाकडून पैशाचा करार लिहून घेत. १८२९ चं मूल म्हणजे ते याच काळात बसतं. हॅपिसबर्गच्या पॅरिशच्या पेटीतले असे कागद शिल्लक असतील तर ते नॉर्विचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्येच पाहावे लागतील ना? तिथे जायच्या आधी कागद नोंदवून ठेवावे लागतात का, आणि एका दिवसात किती मागवता येतात? ईस्टरच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन यायचा विचार आहे. त्यांना चाकाची खुर्ची लागते, तर आत लिफ्ट आहे का तेही कळवा. दुसऱ्या दिवशी तिथून हॅपिसबर्गला जाऊ. किनारा ढासळतोय असं ऐकलं, पण चर्चपर्यंत गाडी जाते ना?